तळ्याकाठच्या गावात देवी आली तवा

माजा जलम सातारा जिल्ह्यातला, कोरेगावच्या अंगाला लहानसं गाव हाय, आन् आमी न्हावी. नाव धोंडिबा. हितं जर्मनीत ते कुनाच्या जिभंला वळत न्हाई म्हनून हेर डोंडी, म्हंजी डोंडीसायब, म्हनत्यात, आता सत्तर साल चालू हाय, म्हंजी पंचवीस वर्सं मी डोंडीच हाय. तुमी पुन्या-मुंबईची पोरं, हितं कार्ल्सरूहेला इंजिनेरी शिकाया आलेली, रविवारी माज्या सैपाकघरात केस कापून घेता आन् मला धोंडिबाकाका म्हनता, ते ऐकलं की माजंच नाव मला नवं वाटतं. लिवताय न्हवं? लिवा. पन मी बोलतो तसंच लिवा, सुदारू नगा.

बाप माजा गावाची दाढी-डोई करायचा, सकाळी धोकटी काखंत मारून निघायचा, त्येच्या मागनं मी. मी सात वर्सांचा आन् माजी बहीन सोनी पाच वर्सांची असंल, तवा आमच्या घरात देवी आल्या. हितं त्याला पोकन म्हनत्यात. आयनं दाराला लिंबाचं डहाळं बांधलं, चुलीव फोडनी घालायची बंद केली, बापानं वस्तरा खुंटीला लावला. लिंब दाराला दिसला की गाव समजायचं, आत जायाचं न्हाई, वाटंवरनंच हाळी द्यायाची, पोरं कशी हाईत म्हनून. त्यात लपवालपवी न्हवती, का लाज न्हवती. सोनी बाराव्या दिशी गेली. मी ऱ्हायलो, ह्यो तोंडाव वन घेऊन. पयला फोड कसा दिसतो, कपाळाव आन् तळहाताव कसा येतो, बोट लावलं तर कातड्याखाली छर्रा असल्यावानी कसा लागतो, ते मला कुना डाक्टरनं शिकवायची गरज न्हाई, ते माज्या अंगाव लिवलंय.

पुढं लडाई आली. पलटनीत न्हावी म्हनून भरती झालो, बंदूक न्हवती मला, धोकटीच व्हती. आफ्रिकेच्या वाळूत धरलं आमाला, मग इटली, मग हितं जर्मनीत कैद्यांच्या छावनीत. लडाई सरली तवा माज्या छातीत पानी झालं व्हतं, बाकीचं आमचं लोक बोटीनं मुलखाला गेलं आन् मी दवाखान्यात पडून. तितं हेडी चादरी धुयाला यायची. तिचा नवरा रशियाकडं गेला त्यो परत आला न्हवता. श्वार्त्सवाल्डच्या डोंगरात तळ्याकाठी एक गाव, तितं नवऱ्याचं केसकापनीचं दुकान व्हतं, ते बंद पडलं व्हतं. मला म्हनाली, कात्री धरता येती का तुला. म्या म्हनलं, वस्तरा दे, दावतो. असं आमचं जमलं, काय सांगू तुमाला, ह्याच्यापरीस जास्त काय बोलनं झालंच न्हाई.

पन गाव लई शांत बघायचं माज्याकडं. दुकान उघडलं, खुर्ची पुसली, महिनाभर त्या खुर्चीत कोन बसंना. बायामानसं हेडीकडनं केस करून घ्यायची, पन बाप्यांचं काय, काळ्या मानसाच्या हातात वस्तरा आन् आपला गळा, आसं त्यांला वाटायचं. पयला बसला त्यो लोरेन्झ. समोरच त्याचं गास्टहाऊस, खाली खानावळ आन् वर पाव्हन्यांच्या खोल्या. आला, बसला, मान मागं टाकली, डोळं मिटलं. बाहेर चार मानसं थांबून बघत व्हती. दाढी झाल्याव त्येनं गालाव हात फिरवला आन् बाहेर जाऊन म्हनला, ल्योकांनो, लोन्याचा हात हाय. दुसऱ्या दिवसापासनं रांग. म्हनून सांगतो, त्या गावात मला मानूस केलं ते लोरेन्झनं. त्येची बायकू वारली तवा आठ दिवस मी त्येच्या खानावळीत बसून ऱ्हायलो, बोललो न्हाई काय, नुस्ता बसलो. मला ब्रूडर म्हनायचा. भाऊ. सकाळी सातला पयली दाढी त्येची, तेरा वर्सं, एक दिस चुकला न्हाई.

मग पन्नास सालानंतर लोकांकडं जरा बरं दिवस आलं, शहरातली मानसं मोटारीनं, मोठ्या बसनं तळ्यावर यायला लागली. काय ती गर्दी! जून, जुलै, ऑगस्ट. त्या तीन महिन्यांत गावानं वर्साचं पोट भरायचं. कुनी घरातली एक खोली भाड्यानं दिली आन् आपुन माळ्याव झोपलं, कुनी नावा घेतल्या, एकानं कुल्फीची गाडी लावली, बेकरीवाल्यानं दुसरी भट्टी घातली. लोरेन्झनं आठ नव्या खोल्या बांधल्या. आमच्या दुकानातसुदीक तिसरी खुर्ची आली. वाईट कुनीच न्हवतं बघा त्या गावात. पन भ्यालेली व्हती समदी. एक उन्हाळा पावसानं खाल्ला तर बेकरीवाल्याची बायकू रस्त्यात रडायची, म्या बघितलीय.

आल्झो, म्हंजी तर मग, तितं देवी आल्या त्या सालची गोष्ट. दहा वर्सं झाली आता. त्येच्या आदल्या साली माजी आय गेली, आन् मे महिन्यात भावानं बोटीच्या टपालानं एक पार्सल धाडलं. आत तिळाची चटनी व्हती, ती खवट झाली व्हती, आन् एक वाकळ. आयच्या दोन लुगड्यांची, तिनंच शिवलेली, शेवटच्या आजारात अंगाव असलेली न्हवं, आदीच माज्या नावानं शिवून पेटीत ठिवलेली, तसं भावानं मास्तरकडनं लिवून घेतलं व्हतं. म्या ती दुकानात न्हेऊन लोरेन्झला दावली. त्येनं टाक्यांवरनं बोट फिरवलं, म्हनला, माजी आजी असंच शिवायची, डोंडी. डोळ्यांत पानी आलं त्येच्या. खोटं न्हाई बोलत मी.

जुलैत तळ्याची जत्रा आसती, नावांव दिवं लावत्यात, बाजा आसतो. तिच्या दोन दिवस आदी लोरेन्झ आला आन् म्हनला, वर एक पाव्हना हाय, ताप हाय त्याला, दाढी वाढलीय, जरा चल. दूरच्या कुटल्या मुलखात धरनाच्या कामाव व्हता त्यो इंजिनेर, घरला परत आला आन् चार दिसांत बायकूला घेऊन तळ्याव आला, आल्याआल्या तापानं आडवा. रोझी म्हनून पोरगी व्हती लोरेन्झकडं, खोल्या झाडायची, चादरी बदलायची, ती सूप घेऊन माज्या पुढनं जिना चढत व्हती. आत गेलो, पडदा सारला, आन् माजं हात थांबलं. कपाळ, गाल, मनगट. समदे फोड एका वयाचे. तळहात उलटा करून बघितला. म्या साबनाचा ब्रश लावलाच न्हाई, तसाच बाहेर आलो.

रोझी सूप धरून दाराबाहेरच हुबी व्हती. जिन्यात लोरेन्झला सांगितलं, ह्या देवी हाईत, पोकन, आत्ताच्या आत्ता डाक्टरला बोलव, ह्या पोरीला आत धाडू नगंस. त्येचं तोंड पांढरं पडलं. म्हनला, कांजन्या असत्याल. म्या म्हनलं, माज्या तोंडाकडं बघ आन् मग सांग कांजन्या हाईत का. त्येनं माजा खांदा धरला, लई घट्ट धरला, म्हनला, डोंडी, रविवारपर्यंत. जत्रा हुंदे. समद्या खोल्या भरल्यात, गाव भरलंय, आज बोललास तर गाव मरंल. दोनच दिस. ब्रूडर, म्या तुज्याकडं कवा काय मागितलंय?

आन् मी गप्प बसलो. हे लिवा, हे गाळू नगा. पुरा एक दिस मी गप्प बसलो. घरी येऊन कापडं उकळत्या पान्यात टाकली, आंग घासलं, हेडीनं इचारलं काय झालं, म्हनलं काय न्हाई. मला देवी परत होत न्हाईत, माजी भीती न्हवतीच. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या खिडकीतनं बघतोय तर दोन बस आलेल्या, आन् रोझी कुना पाव्हनीचं तान्हं पोर कडंव घेऊन तिला पायऱ्यांवरनं उतरवत व्हती. कडंवरचं ते पोर तिच्या गालाला हात लावत व्हतं. माज्याच्यानं मग ऱ्हावलं न्हाई. दुकान तसंच उघडं टाकून मी पायी डाक्टरकडं गेलो.

पुढलं समदं लई झपाट्यानं झालं. जिल्ह्याचा डाक्टर आला, गेझुंडहाइट्सआम्टची, म्हंजी आरोग्य खात्याची मानसं आली, इंजिनेरला बंद गाडीतनं न्हेला, गास्टहाऊसला सील ठोकलं, लोरेन्झ, रोझी, पाव्हनं समदी आत. रस्त्याला आडवा बांबू. येनाऱ्या बस तितनंच माघारी. शाळंत टोचायला रांग लावली, माजी पाळी आली तर डाक्टर माज्या तोंडाकडं बघून हसला, म्हनला, तुमचं काम देवीनंच केलंय. तेवढाच एक मानूस हसला त्या महिन्यात. नावा काठाला बांधून पडल्या. बेकरीवाला सकाळी सवयीनं पाव भाजायचा आन् सांजच्याला डुकरांना घालायचा. कुल्फीवाला गाडीव ताडपत्री टाकून तिच्या शेजारी नुस्ता बसायचा. तेराव्या दिशी रोझीला ताप चढला, तिला न्हेली. ज्या दिशी मी गप्प बसलो त्याच दिशी तर तिला लागलं नसंल? हे मी किती डाव मोजलं आसंल, काय सांगू तुमाला.

आन् मग रोग आला कुठनं ते गाव इचारायला लागलं. इंजिनेरनं आनला हे डाक्टरला म्होरल्या आठवड्यात कागदोपत्री कळलं, पन तोवर लोरेन्झनं खिडकीतनं पेपरवाल्याला सांगितलं व्हतं की समोरच्या न्हाव्याकडं हिंदुस्तानातनं जुन्या कापडांचं पार्सल आलंय, मरून गेलेल्या बाईचं. माज्या पाव्हन्याची दाढी करायला त्योच आला व्हता म्हनला. म्या तर त्याच्या गालाला ब्रशसुदीक लावला न्हवता. पन वाचनाऱ्याला काय, हिंदुस्तान, न्हावी, मेलेल्या बाईची कापडं, झालं. पेपर हेडीनं वाचला, मला वाचून दावला न्हाई, घडी करून पाटाखाली ठिवला. म्या काढून वाचला.

त्या दिशी आरोग्य खात्याची दोन मानसं तोंडाला फडकं बांधून आली. पार्सल कुठं हाय? म्या म्हनलं, वाकळंत काय न्हाई, मे महिन्यापासनं मी अंगाव घेतोय, हेडी घेती, आमाला काय झालंय? ती म्हनली, हुकूम हाय. मी दारात आडवा हुबा ऱ्हायलो. बाहेर गावची पंधरा-वीस मानसं जमली व्हती, माज्या खुर्चीत बसनारी समदी, एकेकाच्या डोईवरला भोवरा मला पाठ व्हता. त्यातलं एकबी पुढं आलं न्हाई. तवा मागनं हेडी आली. कपाटातली वाकळ काढून, दोनी हातांव घेऊन, माज्या शेजारनं पुढं गेली आन् त्यांला दिली. दुकानाच्या मागं परसात राकेल वतून जाळली त्येंनी. सुती लुगडी, लवकर जळली. पेपरवाल्यानं फोटू काढला.

सांजच्याला म्या हेडीला इचारलं, का दिलीस? ती म्हनली, दिली नसती तर दुकान जाळलं आसतं. मग भांडी विसळता विसळता म्हनली, डोंडी, खरं सांग, त्या कापडात खरंच काय न्हवतं न्हवं? तेरा-चौदा वर्सं एका ताटात जेवलेली बायकू. म्या जबाब दिला न्हाई. अजून दिलेला न्हाई.

बांबू उचलला, गास्टहाऊसचं सील निघालं, पन उन्हाळा गेला व्हता. म्या दुकान उघडलं. सातला खुर्ची पुसून हुबा ऱ्हायलो. लोरेन्झ दारातनं बाहेर आला, माज्याकडं बघितलं न्हाई, सायकलीव बसून दुसऱ्या गावाला दाढीला गेला. मी रोज सातला खुर्ची पुसायचो, आन् त्यो रोज सायकलीव बसायचा.

पानगळ सुरू झाली तवा गावच्या हॉलमधी बैठक बोलावली, खोल्यावालं, नाववालं, दुकानदार समदं. पुढल्या उन्हाळ्याची जाहिरात कशी द्यायची त्याचा इचार करायला. बुर्गरमाइस्टर, म्हंजी गावचा पाटीलच म्हना, त्यो बसला मदी, आन् कागद वाचायला हुबा ऱ्हायला लोरेन्झ. हिंदुस्तानी कामगार इथून पुढं केसकापनीच्या दुकानात काम करनार न्हाई, गाव स्वच्छ हाय, पाव्हन्यांनी निर्धास्त यावं, असा त्या कागदाचा मतलब. खाली हेडीची सही पायजे व्हती, कारन हितं दुकान चालवायला जे सर्टिफिकेट लागतं ते तिच्या नावावर. कामगार! मी तिचा नवरा व्हतो.

तवा मागनं रोझी उठली. दवाखान्यातनं येऊन तिला थोडंच दिस झालं व्हतं, हातात काठी, चेहरा माज्यासारखा झालेला, वन अजून लाल. ती म्हनली, पयल्याच दिशी जिन्यात हेर डोंडी म्हनले व्हते की ही देवी हाय, डाक्टरला बोलवा, हिला आत धाडू नगा. सुपाचं भांडं माज्या हातात व्हतं, मी ऐकलंय. हेर लोरेन्झ म्हनले, रविवारपर्यंत थांब. आन् मला सांगितलं, कांजन्या हाईत, सूप न्हे.

मला वाटलं, आता झालं. आता कोनतरी उठंल, बेकरीवाला उठंल, कुल्फीवाला उठंल. म्या लोरेन्झकडं बघितलं, त्यो कागदाकडं बघत व्हता. मग बुर्गरमाइस्टर लई मऊ आवाजात बोलला, आजारी पोराशी बोलावं तसा. म्हनला, रोझी, बस. आमाला समद्यांला ठावं हाय. डाक्टरचा कागद आमी वाचलाय. पन पाव्हन्यांनी पेपर वाचलाय.

समद्यांला ठावं हाय! ऐका म्हंजी झालं. त्यांला खोटं खरं वाटलं आसतं तर मला एवढं लागलं नसतं, म्या म्हनलं आसतं, गावंढळ मानसं, घाबरली. पन त्यांला ठावं व्हतं. बेकरीवाला उठला न्हाई. कुनीच उठलं न्हाई. हेडी माज्या कानाशी वाकून म्हनली, आपल्याला हितंच ऱ्हायचंय, डोंडी, तू घरी बस, मी दोघांपुरतं बघीन. आन् पुढं जाऊन सही केली. दुकानाच्या पावतीव करती तशी सरळ सही केली तिनं.

दुसऱ्या दिशी सकाळच्या बसनं मी निघालो. बसपर्यंत रोझी आली काठी टेकत. म्या तिला म्हनलं, पोरी, त्या दिशी मी गप्प बसलो, त्याची माफी मागतो तुजी. ती म्हनली, त्येच्या आदी तीन दिस मी त्याच्या उशा बदलत व्हते, तवाच लागलं आसंल, तुमी उगा सोताला नगा खाऊ. खरं आसंल, नसंलही. तिनं म्हनलं, ते तिचं मोठंपन.

हितं कार्ल्सरूहेत म्हाताऱ्या मानसांच्या एका दवाखान्यात केस कापतो. खाटंव पडलेल्यांची डोई करायची, आदी वाकायचं, उशी वर घ्यायची, मग कात्री. त्यांला माजा रंग काय दिसत न्हाई, हात गरम हाय का बघत्यात, बास. रोझीचं लगीन झालं, हितंच शहरात आसती, दुकानात गल्ल्याव बसती. हेडी महिन्यातनं एका रविवारी येती. केक आनती, मी कॉफी करतो, दोघं खिडकीपाशी बसतो. दुकान चांगलं चाललंय म्हनती. लोरेन्झच्या खोल्या भरलेल्या आसत्यात म्हनती, आन् मग केक कापाया लागती, कारन ते नाव घेतलेलं मला चालत न्हाई हे तिला ठावं हाय. एकदा म्हनली, परत ये, आता कुनाच्या ध्यानात न्हाई. गेनाऊ, बरोब्बर, म्या म्हनलं, तेच तर. मग सहाची गाडी आसती तिची, मी तिला ट्रामपर्यंत पोचवतो. तिच्यावर राग हाय का म्हनून इचारता? राग न्हाई. पन ती शेजारी झोपली तर पयल्यासारखी निर्धास्त तिच्याकडं पाठ करून झोपाया मला यायचं न्हाई आता. तेवढंच झालंय.

मुलखाला जावं का, आसं तुमच्यातलं एक पोरगं मला इचारत व्हतं. तितं तरी कोन हाय? भावाला म्या वाकळंचं लिवलेलंच न्हाई. त्येनं पत्रात इचारलं, थंडीत ऊब देती का, म्या लिवलं, लई देती.

झालं बघा. लिवलंय ते न्या. एक तेवढं करा, त्या गावाचं नाव घालू नगा. लोरेन्झचं नावबी म्या बदलूनच सांगितलंय. त्यांनी माजं केलं ते केलं, पन आता मे लागलाय, तितं बाया खिडक्या पुसत आसतील, नावांना रंग चाललेला आसंल, पाऊस कसा पडतोय म्हनून आभाळाकडं बघत आसतील समदी. चांगलं ऊन पडू दे त्यांच्या तळ्याव. मी काय तिकडं जानार न्हाई. तुमी या म्होरल्या म्हैन्यात, मागनं केस लवकर वाढत्यात तुमचं, आन् परीक्षा नीट द्या, बाळांनो, आयबापांला पत्र घाला.